उलटवा, वजा करा, पुन्हा उलटवा: अंकांची चक्रे कशी शोधायची

कागदावर १०१२ लिहा. अंक उलट्या क्रमाने लिहिले की २१०१ मिळतात. मोठ्या संख्येतून लहान वजा केली की १०८९ उरतात. आता हीच कृती १०८९ वर करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा करा, आणि करत राहा:

२१०१ − १०१२ = १०८९
९८०१ − १०८९ = ८७१२
८७१२ − २१७८ = ६५३४
६५३४ − ४३५६ = २१७८
८७१२ − २१७८ = ६५३४

इथून पुढे कितीही वेळ बसलात तरी ६५३४ आणि २१७८ या दोनच संख्या आळीपाळीने येत राहतील. हे झाले चक्र. सुरुवातीचा १०१२, १०८९, ८७१२ हा भाग चक्रात परत कधीच येत नाही. त्याला आपण शेपूट म्हणू.

आता फक्त एकाने पुढे जाऊन १०१३ घ्या. क्रम असा येतो: २०८८, ६७१४, २५३८, ५८१४, १६२९, ७६३२, ५२६५, ३६०, २९७, ४९५, ९९, ०. शेजारच्या दोन संख्यांपैकी एक कायमची फिरत राहते आणि दुसरी शून्यात संपते. असे का होते, हे हाताने आणि पूर्णपणे समजून घेता येते. त्यासाठी बेरीज-वजाबाकी, थोडा संयम आणि योग्य ठिकाणी पाहण्याची सवय एवढेच लागते. हा लेख पेन्सिल हातात घेऊन वाचावा, कारण अर्धी गंमत आकडे स्वतः मांडण्यात आहे.

पहिला निर्णय: पुढच्या शून्याचे काय करायचे?

काम सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावीच लागते, कारण उत्तरे तिच्यावर अवलंबून असतात. वरच्या उदाहरणात ५२६५ नंतर ३६० आले. चार अंकांचे तीन झाले. आता ३६० उलटवताना ०६३, म्हणजे ६३, धरायचे की चार घरे कायम ठेवून ०३६० चे ०६३० करायचे?

दोन्ही नियम चालतात, पण खेळ वेगळे होतात. पहिल्याला मोकळी लांबी म्हणू, दुसऱ्याला ठरलेली लांबी. मोकळ्या लांबीत ३६० मधून २९७ येतात आणि शेवट शून्यात होतो. ठरलेल्या लांबीत मात्र असे होते:

०६३० − ०३६० = ०२७०
०७२० − ०२७० = ०४५०
०५४० − ०४५० = ००९०
०९०० − ००९० = ०८१०
०८१० − ०१८० = ०६३०
०६३० − ०३६० = ०२७०

पाच संख्यांचे चक्र तयार झाले. कोणी एकाच संख्येची दोन वेगळी उत्तरे सांगत असेल, तर बहुतेक वेळा त्यांचे नियम वेगळे असतात. वहीच्या पहिल्या ओळीत आपला नियम लिहून ठेवा. माझे मत विचाराल तर अभ्यासासाठी ठरलेली लांबी घ्यावी. रचना तिथे स्वच्छ दिसते. मोकळ्या लांबीची उत्तरे नंतर त्यातून सहज काढता येतात, कारण ज्या चक्रात पुढे शून्य असलेली संख्या येते ते चक्र मोकळ्या लांबीत मोडते.

चक्र येणारच, याची खात्री

वजाबाकीचे उत्तर मूळ दोन संख्यांपैकी मोठीपेक्षा मोठे असू शकत नाही. म्हणून चार घरांत सुरू झालेला प्रवास चार घरांतच राहतो. अशा संख्या ०००० ते ९९९९ एवढ्याच, म्हणजे दहा हजार. प्रवास संपत नाही आणि जागा मर्यादित आहेत, तेव्हा कधीतरी आधी आलेली संख्या पुन्हा येणारच. ती आली की पुढचा सगळा क्रम जसाच्या तसा परततो. शून्यावर पोचणे हेही एक चक्रच, एका संख्येचे.

वजाबाकीऐवजी बेरीज केली तर ही खात्री उरत नाही. उलटवून मिळवत गेले की संख्या वाढतच जातात. १९६ पासून निघाल्यावर दोन्ही बाजूंनी सारखी वाचता येणारी संख्या कधी येते का, हे आजवर सिद्ध झालेले नाही. वजाबाकीचा खेळ त्या मानाने प्रेमळ आहे: शेवट नेहमी सापडतो.

दोन अंकांवर हात बसवा

दशकस्थानी क आणि एककस्थानी ख असेल तर संख्या १०क + ख, उलटी १०ख + क, आणि फरक ९(क − ख). म्हणजे पहिल्याच पायरीनंतर ९ च्या पटीशिवाय दुसरे काही येत नाही: ००, ०९, १८, २७, ३६, ४५, ५४, ६३, ७२, ८१. शंभर संख्यांचे एका फटक्यात दहा पर्याय झाले.

इथून आकृती काढा. ०९ पासून निघा:

०९ → ८१ → ६३ → २७ → ४५ → ०९

पाचचे चक्र. उरलेल्या १८, ३६, ५४, ७२ या शेपट्या आहेत: १८ जाते ६३ वर, ३६ जाते २७ वर, ५४ जाते ०९ वर आणि ७२ जाते ४५ वर.

आता जरा थांबा, कारण या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे आहे. या संख्या ९ × प अशा लिहा. ९प चे अंक असतात प − १ आणि १० − प. उदाहरणार्थ प = ७ असता ६ आणि ३. ते उलटवले की मिळते ९ × (११ − प). ६३ म्हणजे ९ × ७, ३६ म्हणजे ९ × ४, आणि ७ + ४ = ११. म्हणून उलटवून वजा केल्यावर प च्या जागी ११ − २प येते, चिन्ह सोडून:

१ → ९ → ७ → ३ → ५ → १

उलटवून वजा करणे म्हणजे खरे तर दुप्पट करणे आहे. ११ ने भागून उरणारी बाकी बघायची आणि अधिक-उणे चिन्हाकडे दुर्लक्ष करायचे, एवढाच फरक. २ ला पाच वेळा गुणले की ३२ होतात, आणि ३२ म्हणजे ११ च्या हिशेबात −१, कारण ३३ हा ११ चा पट आहे. चिन्ह सोडले की पाच दुपटीनंतर आपण मूळ जागी येतो. म्हणून चक्र पाचचे. चारचे किंवा सहाचे होणे शक्यच नव्हते.

तीन अंकांत नवीन काही घडत नाही. पहिला अंक क आणि शेवटचा ग असेल तर फरक ९९(क − ग) येतो, मधला अंक गळून जातो, आणि चक्र तेच: ०९९ → ८९१ → ६९३ → २९७ → ४९५ → ०९९. या फरकांत त्यांचीच उलटी संख्या मिळवली की नेहमी १०८९ येतात, हा शाळेतला जुना खेळ अनेकांना आठवेल. १९८ + ८९१ = १०८९. तोही इथूनच आला आहे: प आणि ११ − प यांची बेरीज ११, आणि ९९ × ११ = १०८९. फरक ९९ आला तर त्याला ०९९ धरावे लागते, नाहीतर खेळ फसतो.

१०८९ चे कुटुंब

चार अंकांकडे जाताना आधी १०८९ चे पट मांडा:

१०८९, २१७८, ३२६७, ४३५६, ५४४५, ६५३४, ७६२३, ८७१२, ९८०१

हजारस्थानापासून अंक बघत जा. १०८९ × प चे अंक असतात प, प − १, ९ − प, १० − प. ३२६७ मध्ये ३, २, ६, ७. आता प च्या जागी १० − प घातले की हेच अंक बरोबर उलट्या क्रमाने येतात. म्हणजे १०८९प उलटवले की १०८९(१० − प) मिळते, आणि वजाबाकीनंतर प च्या जागी १० − २प येते:

१ → ८ → ६ → २ → ६
९ → ८
३ → ४ → २
७ → ४
५ → ०

सुरुवातीला दिसलेले ६५३४ आणि २१७८ चे चक्र म्हणजे ६ आणि २ यांचे एकमेकांकडे जाणे. ५४४५ दोन्ही बाजूंनी सारखी आहे, म्हणून ती थेट शून्यात जाते. २१७८ ला ४ ने गुणले की ८७१२, म्हणजे तीच संख्या उलटी, हे अनेकांना नुसता चमत्कार वाटते. प च्या भाषेत ते २ आणि ८ आहे, बस्स.

तर दोन नियम हाती आले: ११ − २प आणि १० − २प. चार अंकांचा सगळा कारभार या दोघांवर चालतो. फरक कधी एका नियमाचा वारस होतो, कधी दुसऱ्याचा, ते हातचा ठरवतो.

चार अंकांचा पूर्ण हिशेब

संख्या क ख ग घ अशी घ्या. दोनच गोष्टी मोजा. बाहेरचा फरक ब = क − घ, आतला फरक आ = ख − ग. उलटवून वजा केल्यावर येते ९९९ब + ९०आ. मूळ चार अंक कोणते होते याला काहीच महत्त्व नाही, फक्त (ब, आ) ही जोडी पुरते. उत्तर उणे आले तर दोन्ही चिन्हे बदला, म्हणजे ब कायम धन राहील. ब शून्य असेल तर आ धन ठेवा.

ब आणि आ प्रत्येकी −९ ते ९, म्हणजे १९ × १९ = ३६१ जोड्या. चिन्हे बदलून सारख्या होणाऱ्या एकत्र केल्या की (३६१ + १) ÷ २ = १८१. दहा हजार संख्या पहिल्याच पायरीला १८१ वर येतात. यादी एका पानावर मावेल.

आता प्रत्येक जोडीचा पुढचा जोडीदार काढायचा. वजाबाकी एकदा हातच्यासकट मांडून बघा, नियम आपोआप दिसतात.

आ धन असेल तर उत्तराचे अंक येतात ब, आ − १, ९ − आ, १० − ब. नवी जोडी (२ब − १०, २आ − १०).

आ ऋण असेल, समजा आ = −र, तर अंक येतात ब − १, १० − र, र − १, १० − ब. नवी जोडी (२ब − ११, ११ − २र).

आ शून्य असेल तर अंक ब − १, ९, ९, १० − ब आणि नवी जोडी (२ब − ११, ०). ब शून्य असेल तर नवी जोडी (०, २आ − ११).

पडताळा घ्या. १०१३ मध्ये ब = −२, आ = −१, चिन्हे बदलून (२, १). नियमाने (−६, −८), म्हणजे (६, ८). मग (२, ६), (६, −२), (१, ७), (८, −४), (५, ३), (०, ४). वजाबाक्या न करता तोच प्रवास पूर्ण झाला. शेवटच्या जोडीवरून संख्या हवी तर ९९९ × ० + ९० × ४ = ३६०. वर हेच आले होते.

इथे रेंगाळण्यासारखे बरेच आहे. आ धन असलेली जोडी १० चा नियम पाळते आणि पुढच्या जोडीत दोन्ही फरक सम येतात. आ ऋण असलेली जोडी ११ चा नियम पाळते आणि पुढे दोन्ही विषम येतात. त्यामुळे पहिल्या एक-दोन पायऱ्यांनंतर तपासायच्या जोड्या फार थोड्या उरतात. त्या एकेक करून तपासल्या की चार घरांच्या ठरलेल्या लांबीत शून्य सोडून नेमकी चार चक्रे मिळतात:

६५३४, २१७८
०९०९, ८१८१, ६३६३, २७२७, ४५४५
०९९९, ८९९१, ६९९३, २९९७, ४९९५
००९०, ०८१०, ०६३०, ०२७०, ०४५०

पाचच्या तीनही चक्रांत १, ९, ७, ३, ५ हाच फेरा आहे. एकात ब आणि आ दोघेही फिरतात, एकात फक्त ब, एकात फक्त आ. आणि तीनही चक्रांत पुढे शून्य असलेली संख्या येते. म्हणून मोकळ्या लांबीत तीनही मोडतात: ९०९ आणि ९९९ उलटूनही तशाच राहतात आणि पुढच्याच पायरीला शून्य होतात, ९० चे ८१, ६३, २७, ४५, ९ होऊन तेही शून्यावर येते. उरते फक्त ६५३४ आणि २१७८ ची जोडी. चार अंकी कोणतीही संख्या मोकळ्या लांबीत एकतर शून्यावर पोचते, नाहीतर या जोडीत अडकते. तिसरा मार्ग नाही.

कोण अडकते? उलट दिशेने जा. (६, ६) आणि (२, २) वर येणाऱ्या जोड्या शोधा, मग त्यांच्यावर येणाऱ्या. यादी चौदा जोड्यांवर थांबते. ब आणि आ सारखे असलेल्या आठ: (१, १), (२, २), (३, ३), (४, ४), (६, ६), (७, ७), (८, ८), (९, ९). आणि या सहा: (६, −५), (५, −६), (७, −४), (४, −७), (९, −२), (२, −९). या सहांमध्ये आकड्यांची बेरीज, चिन्ह सोडून, ११ येते. (८, −३) आणि (३, −८) यांचीही बेरीज ११ आहे, पण त्या ५४४५ वर जाऊन शून्यात पडतात.

आता कसोटी तोंडपाठ करण्याइतकी सोपी झाली. १०१२ मध्ये बाहेरचा फरक −१, आतला −१, दोन्ही सारखे आणि ५ नव्हेत, म्हणून अडकते. चक्रात अडकणारी सगळ्यात लहान संख्याही हीच: १००० ते १००९ मध्ये आतला फरक शून्य आहे, १०१० ची जोडी (१, −१) आणि १०११ ची (०, १), यांपैकी कोणीच यादीत नाही. तीन किंवा कमी अंकांच्या संख्या तर मोकळ्या लांबीत सगळ्याच शून्यावर येतात.

मोजणीही करता येते. बाहेरचा फरक ब (धन किंवा ऋण) असलेल्या पहिल्या-शेवटच्या अंकांच्या जोड्या १९ − २ब, कारण पहिला अंक शून्य चालत नाही. आतल्या अंकांच्या जोड्या १० वजा आ (चिन्ह सोडून). दोन्हींचा गुणाकार करून चौदा जोड्यांची बेरीज केली की पहिल्या आठांतून ४८० आणि दुसऱ्या सहांतून १५७ येतात, एकूण ६३७. चार अंकी ९,००० संख्यांपैकी ६३७ कायम फिरत राहतात, बाकी सगळ्या शून्यात विसावतात.

कापरेकर स्थिरांक माहीत असलेल्यांना इथे एक प्रश्न पडेलच. द. रा. कापरेकरांनी १९४९ मध्ये शोधलेल्या कृतीत अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करतात, आणि चार अंक सगळे एकसारखे नसतील तर ६१७४ वर मुक्काम होतो. ती कृती अंकांचा मूळ क्रम विसरते, आपली कृती तो जपते. म्हणून ६१७४ ला इथे काही मान नाही: जोडी (२, −६), आणि क्रम १४५८, ७०८३, ३२७६, ३४४७, ३९९६, २९९७, ४९९५, ९९९, ०.

लांबी वाढवताना

विषम लांबीसाठी वेगळे कष्ट घेऊ नका. मधला अंक स्वतःतूनच वजा होतो, म्हणून तिथे शून्य येते. उजवीकडून हातच्याची मागणी आली तर ९ येतात आणि मागणी तशीच डावीकडे सरकते. मधले घर काहीच ठरवत नाही, फक्त निरोप पुढे पोचवते. त्यामुळे पाच अंकांची चक्रे म्हणजे चार अंकांचीच चक्रे, मध्ये ९ किंवा ० घालून: २१९७८ आणि ६५९३४, किंवा ०९००९, ८१०८१ वगैरे.

१०८९ च्या मध्ये हवे तेवढे ९ घालता येतात. १०९८९, १०९९८९ यांचे पटही प ते १० − प असेच उलटतात, म्हणून २१९९७८ आणि ६५९९३४ हेही चक्र. एकच तुकडा दोनदा लिहिला तरी चालते: २१७८२१७८ आणि ६५३४६५३४. मध्ये शून्य ठेवून २१७८०२१७८ घेतले तरी चक्र टिकते, फक्त मांडणी दोन्ही बाजूंनी सारखी हवी.

पण आठ अंकांवर खरोखर नवे काहीतरी भेटते. ११४३६६७८ घ्या आणि मोकळ्या लांबीत चालत राहा:

११४३६६७८
७६२२६७३३
४२४६४४६६
२३९८१९५८
६१९३६९७४
१३९७३०५८
७१०६४८७३
३३२१८८५६
३२६६२३७७
४४६६४२४६
१९५८२३९८
६९७४६१९३
३०५८१३९७
४८७३७१०६

आणि ६०१७३७८४ − ४८७३७१०६ = ११४३६६७८. चौदा संख्यांचे चक्र, आणि कुठेही पुढे शून्य नाही.

ही यादी नुसती वाचून सोडू नका. तिसरी संख्या ४२४६ आणि ४४६६ अशी तोडा, मग दहावी बघा: ४४६६ आणि ४२४६. चौथी २३९८ १९५८, अकरावी १९५८ २३९८. पाचवी आणि बारावी, सहावी आणि तेरावी, सातवी आणि चौदावी, सगळ्यांचे अर्धे भाग अदलाबदल झालेले. पहिल्या आणि आठव्या संख्येत हे उघड दिसत नाही, पण फरक काढा. ११४३६६७८ मध्ये बाहेरून आत येताना फरक ७, ६, २, ३ (सगळे ऋण), ३३२१८८५६ मध्ये ३, २, ६, ७ (सगळे ऋण). तेच आकडे, आतून बाहेर. चौदाचे चक्र म्हणजे सात पावले आणि त्यांचेच प्रतिबिंब. अशी शिस्त आकड्यांच्या रांगेत दडलेली सापडते तेव्हा या विषयावर जीव जडतो.

मधल्या घराचा नियम इथेही लागतो. ११४३९६६७८ घेतले की नऊ अंकांतही चौदाचा फेरा मिळेल. हा स्वतः करून बघावा.

संगणकावर करायचे असेल तर

कोणत्याही भाषेत लिहा, काही गोष्टी सांभाळा. संख्या उलटवताना ती मजकूर म्हणून धरा आणि ठरलेल्या लांबीसाठी पुढे शून्ये भरून घ्या. संख्या म्हणून साठवली की पुढची शून्ये मुकाट्याने गळतात आणि तुम्ही नकळत दुसऱ्याच नियमाने खेळू लागता. स्प्रेडशीटमध्येही हाच धोका आहे, तिथे रकाना मजकूर म्हणून ठेवा.

चक्र ओळखण्यासाठी आलेल्या संख्यांची यादी ठेवा. नवी संख्या यादीत असेल तर थांबा. ती यादीत जिथे पहिल्यांदा आली तिथपर्यंतचा भाग शेपूट, तिथून शेवटपर्यंतचा भाग चक्र. चक्राचे नाव म्हणून त्यातली सगळ्यात लहान संख्या नोंदवा, नाहीतर एकच चक्र वेगवेगळ्या ठिकाणाहून सापडून अनेकदा मोजले जाईल. स्मृती कमी पडत असेल तर दोन गणक ठेवा, एक पायरीपायरीने आणि दुसरा दोन-दोन पायऱ्यांनी चालणारा. दोघे एकाच संख्येवर भेटले की तुम्ही चक्राच्या आत आहात.

मोठ्या लांबीला सगळ्या संख्या तपासत बसू नका. फरकांच्या जोड्या तपासा. आठ घरांच्या दहा कोटी संख्या आहेत, पण फरकांचे चौकडे (१९⁴ + १) ÷ २ = ६५,१६१ एवढेच. सहा घरांना तर ३,४३० पुरतात.

हाताने करताना पडताळ्यासाठी एक खूण: प्रत्येक उत्तर ९ ने भागले जायलाच हवे, म्हणजे अंकांची बेरीज ९ च्या पटीत हवी. अंकांची संख्या विषम असेल तर ११ नेही भाग जायला हवा. बेरीज चुकली की वजाबाकी चुकली, पुढे जाण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या पायात

दहाऐवजी दुसऱ्या पायात, म्हणजे दहा-दहाऐवजी बारा किंवा सोळा अशा गटांनी मोजून, लिहिलेल्या संख्या घेतल्या तर दोन घरांचा नियम ११ − २प ऐवजी पाया + १ − २प असा होतो. बाराच्या पायात १३ − २प, आणि फेरा १, ११, ९, ५, ३, ७ असा सहाचा. २ ला सहा वेळा गुणले की ६४, आणि ६५ हा १३ चा पट, म्हणून सहा. सोळाच्या पायात १७ − २प. तिथे चार दुपटींतच १६ होतात, म्हणजे १७ च्या हिशेबात −१, त्यामुळे फेरा चारचा. पण मग सगळे विषम प एका फेऱ्यात मावत नाहीत, आणि दोन वेगळी चक्रे तयार होतात: १, १५, १३, ९ आणि ३, ११, ५, ७.